सेट का घेतला नाही: शिवणखोलीवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, माझ्या शिवणखोलीचे फोटो पाहून तुम्ही लिहिलंत : "एकाही वस्तूचा दुसरीशी मेळ नाही. शिवणकाम नेमकेपणाचं आणि खोली मात्र जुन्या बाजारासारखी. जुनं जपायच्या हौसेपोटी गैरसोय सजवून दाखवू नका. फर्निचरचा पांढरा सेट घ्या, नाहीतर निदान सगळ्याला एकच रंग द्या. आणि ते हिरवं कपाट खिडकीजवळून हलवा." शब्द लागले, म्हणून दोनदा वाचले. कपाटाबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यावर पुढे लिहिते. बाकीचं मला पटलेलं नाही.

सेट मी घेतला होता. गोव्यात डिचोलीला राहायला आलो त्या वर्षी टेबल, कपाट आणि मांडणी, सगळं एकाच रंगाचं, पार्टिकल बोर्डाचं. पहिल्या पावसाळ्यात कपाटाच्या खालच्या कडा फुगल्या. दुसऱ्या पावसाळ्यात बिजागरीचे स्क्रू भुशासकट हातात आले. "पाणी लागलं असणार," असं म्हणून दुकानदार मोकळा झाला. पाण्याचा थेंब लागला नव्हता. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत हवेतच इतकी ओल असते की भुसा नि गोंद दाबून केलेली फळी ती ओढून घेते, आणि एकदा फुगली की पुन्हा बसत नाही. त्यात शिवणयंत्राचा रोजचा हादरा. सागवानही पावसात फुगतं, खण अडकतात, पण पाऊस सरला की ते जागेवर येतं. तोवर खणाच्या कडांना मेणबत्ती घासली की काम भागतं.

पण सेट गेला त्याचं खरं कारण उंची. शिवणकाम म्हणजे एक काम नव्हे. पायमशीनचा स्टँड साधारण ३० इंच उंच असतो आणि बसून चालवायला तेवढाच हवा. कापड बेतायचं ते मात्र उभ्याने. ३० इंचांच्या टेबलावर वाकून चार ब्लाऊज बेतले की कंबर धरते. बेतायचं टेबल कोपराच्या खाली तीन-चार इंच असावं लागतं. माझं कोपर जमिनीपासून ३९ इंचांवर आहे, म्हणजे मला ३५ इंच हवेत. सेटमधलं टेबल ३० इंचांचं होतं आणि त्याचे पाय वाढवायची सोय नव्हती.

आता जे टेबल फोटोत दिसतं ते साखळी गावातल्या एका जुन्या घराची वाटणी झाली तेव्हा मिळालेलं जेवणाचं टेबल आहे. तेही ३० इंचांचंच होतं. आमच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, फणसाच्या लाकडाचे चार ठोकळे करून दिले, प्रत्येकाला वरून अर्धा इंच खोल खाच, त्यात पाय घट्ट बसतो. तुम्हाला ते ठोकळे ओबडधोबड वाटले. पण ४४ इंच पन्ह्याचं कापड दुमडून त्यावर पसरते, खडू मारते, कात्री चालवते आणि टेबल तसूभर हलत नाही. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीच्या पंधरवड्यात मी दिवसाचे पाच-सहा तास त्याच्यापाशी उभी असते.

हातशिलाईची बैठक आणखी वेगळी. साडीला फॉल लावताना किंवा तुरपाई करताना मला १३ इंचांचं बाकडं लागतं. बुटक्या बैठकीवर गुडघे वर येतात, मांडीची खोळ होते, कापडाचं वजन तिथे विसावतं आणि टाका ओढला जात नाही. मशीनपाशी वेताची खुर्ची आहे, मुद्दाम बिनहाताची, कारण हात असले की कापड फिरवताना कोपर आपटतं. मे महिन्यातल्या घामात वेतासारखी बैठक नाही. तो सैल पडला की खालून ओल्या फडक्याने भिजवून वाळू द्यायचा, पुन्हा ताणून बसतो. तीन कामं, तीन उंच्या. म्हणून या वस्तू एका घरातून येऊच शकल्या नसत्या.

सगळ्याला एकच रंग देण्याबद्दल. फोटोत दुसरी जी अलमारी दिसते ती शिसवी आहे. (अलमारी हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजमधून आला; तिच्या खणातली फीत आणि आलपीनसुद्धा तिथूनच.) तिच्या दारांवर कोरीव वेल आहे. त्यात एकदा ऑइलपेंट भरला की खरवडून काढताना नक्षीच जाईल. लाखेचं पॉलिश मात्र हवं तेव्हा नव्याने करता येतं. शिवाय रंगाचे थर चढले की पावसात अडकणारे खण आणखी अडकतात. ती भिंतीपासून तीन इंच पुढे आणि दगडी पायांवर का, हेही तुम्ही विचारलं होतंत. मागून वारा खेळला की बुरशी कमी धरते, आणि खाली वाळवीची माती दिसली तर लगेच कळते.

आता हिरवं कपाट. तुमची प्रतिक्रिया आली त्याच संध्याकाळी मी पांढरं पॉपलिन त्याच्याजवळ धरलं, मग तेच बाहेर ओसरीवर नेऊन पाहिलं. खिडकीतला उजेड कपाटावर पडून कापडावर हिरवी छटा येत होती. मागच्या महिन्यात एका मोतिया ब्लाऊजला मी अस्तर चुकीच्या रंगाचं लावलं होतं आणि दोष माझ्या डोळ्यांना दिला होता. कपाट आता समोरच्या भिंतीला आहे. खिडकीजवळ फक्त चुन्याची पांढरी भिंत ठेवली आहे. ताई, याबद्दल मनापासून आभार. इतक्या वर्षांत हे मला कोणी दाखवलं नव्हतं.

तुम्ही मडगावच्या फ्लॅटमध्ये शिवणखोली करताय आणि तिची एकच खिडकी पश्चिमेला आहे, असंही लिहिलंत. मशीन त्या खिडकीला खेटून ठेवू नका. दुपारचं ऊन डोळ्यांवर येईल आणि पावसाळ्यात झड थेट सुयांवर. दोन-तीन फूट आत, उजेड डाव्या हाताने येईल असं ठेवा, कारण सुई मशीनच्या डाव्या टोकाला असते आणि आपली सावली तिच्यावर पडता कामा नये. सुया तेलाचं बोट लावलेल्या फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. आणि सेटचे पैसे भरण्याआधी एकदा सरळ उभ्या राहून कोपराची उंची मोजा. ती आणि खिडकी ते दार हे अंतर मला कळवा, बेतायचं टेबल आडवं बसेल की उभं ते सांगते.