सेंटओएस 7 शेजारी अल्मालिनक्स 9: ‘एका रीबूटमध्ये परत’ या दाव्याचा प्रतिवाद

सेंटओएस 7 या लिनक्स प्रणालीच्या देखभालीची मुदत 30 जून 2024 रोजी संपली, तरी त्यावर चालणारे सर्व्हर अजून पुष्कळ आहेत. ते हलवायची धास्ती असलेल्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. जुनी प्रणाली काढू नका, त्याच सर्व्हरवर शेजारी अल्मालिनक्स 9 ही नवी लिनक्स प्रणाली बसवा (याला ड्युअल बूट म्हणतात). दोन्ही रेड हॅट या कंपनीच्या लिनक्सच्याच घराण्यातल्या असल्यामुळे बूट (प्रणाली सुरू करणाऱ्या फाइली), स्वॅप (मेमरी अपुरी पडल्यास वापरायची जागा) आणि डेटा यांची पार्टिशने, म्हणजे डिस्कचे भाग, सामाईक ठेवा. नवे जमले नाही, तर एका रीबूटमध्ये जुन्यावर परत या. हा सल्ला ज्यांच्याकडे दुसरा सर्व्हर नाही त्यांनाच प्रामुख्याने दिला जातो, म्हणून तो मुद्द्यागणिक तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा सामाईक बूट पार्टिशनचा. दोन प्रणाली जितक्या सारख्या, तितक्या त्या एकाच जागेवर आणि एकाच नावावर हक्क सांगतात. जुन्या बायोस पद्धतीच्या सर्व्हरवर दोघींचा बूट मेनू (काय सुरू करायचे ते निवडण्याची यादी) ग्रब2 या एकाच नावाच्या फोल्डरमधील एकाच फाइलमध्ये असतो आणि नंतर बसवलेली प्रणाली ती फाइल नव्याने लिहिते. शिवाय त्यांची नोंद ठेवण्याची रीतही वेगळी आहे: सेंटओएस 7 प्रत्येक कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) नोंद थेट त्या मेनू फाइलमध्ये करते, तर या घराण्यात आठव्या आवृत्तीपासून प्रत्येक कर्नलसाठी वेगळी छोटी फाइल ठेवली जाते आणि मेनू त्या फाइलींवरून तयार होतो. त्यात भर म्हणजे बूट पार्टिशन अल्मालिनक्स 9 च्या इन्स्टॉलरने नव्याने फॉरमॅट केले, तर त्यावरील एक्सएफएस या फाइलप्रणालीत रिफ्लिंक आणि बिगटाइम या सुविधा सुरू असतात. सेंटओएस 7 च्या 3.10 कर्नलला त्या कळत नाहीत आणि तो ते पार्टिशन माउंट करायला, म्हणजे वापरासाठी जोडून घ्यायला, नकार देतो.

स्वॅपबाबत थोडक्यात सांगता येईल. नव्या इन्स्टॉलरने स्वॅप पुन्हा फॉरमॅट केला की त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतो, आणि जुन्या प्रणालीच्या एफएसटॅब या पार्टिशनांच्या यादीत जुनाच यूयूआयडी असल्यामुळे ती बूट होताना दीड मिनिट त्या हरवलेल्या पार्टिशनची वाट पाहत थांबते. दुरुस्ती सोपी आहे, पण ती आधी माहीत असायला हवी.

सगळ्यात गंभीर मुद्दा सामाईक डेटाचा आहे. सेंटओएस 7 सोबत पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरची 9.2 आवृत्ती येते आणि अल्मालिनक्स 9 सोबत 13. नवी आवृत्ती जुन्या डेटा डिरेक्टरीवर सुरूच होत नाही, त्यामुळे निदान ही चूक लगेच समोर येते. म्हणून काही जण दोन्हीकडे बाहेरच्या रिपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या भांडारातून) एकच आवृत्ती बसवण्याचा उपाय सुचवतात, आणि खरा धोका तिथेच आहे. सेंटओएस 7 मध्ये ग्लिबसी (प्रणालीची मूळ सी लायब्ररी) 2.17 आहे, अल्मालिनक्स 9 मध्ये 2.34, मधल्या 2.28 या आवृत्तीने शब्दांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. दोन्हीकडे अमेरिकन इंग्रजी यूटीएफ-8 लोकेल (भाषेची सेटिंग) ठेवून ‘1-1’ आणि ‘11’ या दोन ओळी सॉर्ट करून पाहा: जुन्या प्रणालीवर ‘11’ आधी येते, नव्यावर ‘1-1’ आधी. डेटाबेस ग्लिबसीचे असे लोकेल वापरत असेल, तर मजकुराच्या स्तंभांवरील इंडेक्स (शोधसूची) जुन्या क्रमाने रचलेला असतो आणि नवी प्रणाली त्यात नव्या क्रमाने शोधते. टेबलात असलेली नोंद मग सापडत नाही, आणि सापडली नाही म्हणून युनिक बंधन (एक नोंद एकदाच असावी हा नियम) असूनही तीच नोंद दुसऱ्यांदा घातली जाऊ शकते. सर्व्हर सुरू असतो आणि बिघाड झाल्याचे कुणाला कळतही नाही. नव्यावर सगळे इंडेक्स पुन्हा बांधले, तर परत फिरताना जुन्यावर ते पुन्हा एकदा बांधावे लागतात. ‘एका रीबूटमध्ये परत’ हे आश्वासन इथेच कोसळते.

रीबूट तरी भरवशाचा असतो का? दूरवरच्या सर्व्हरवर ग्रबचा (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू समोर नसतो, म्हणून ग्रब2-रीबूट या आज्ञेने फक्त पुढच्या एका वेळेपुरती निवड केली जाते. ती निवड वापरून झाली की ग्रबने ती पुसायची असते. परंतु बूट पार्टिशन सॉफ्टवेअर रेडवर (सॉफ्टवेअरने एकत्र जोडलेल्या डिस्कांवर) असेल, तर ग्रबला तिथे लिहिताच येत नाही. पडद्यावर ‘डिस्कफिल्टर राइट्स आर नॉट सपोर्टेड’ असा संदेश येतो आणि निवड तशीच राहते. नवी प्रणाली बूट होत नसेल, तर प्रत्येक रीबूटला सर्व्हर तिच्याकडेच जातो, आणि आयपीएमआयसारखा दुरून सर्व्हर हाताळण्याचा कन्सोल नसेल तर सर्व्हरपाशी माणूस पाठवावा लागतो.

ड्युअल बूट सर्वस्वी निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. जुन्या रेड कार्डांचे काही ड्रायव्हर आठव्या आवृत्तीपासून काढून टाकले गेले आहेत. आपले कार्ड नव्या कर्नलला दिसते का, हे प्रत्यक्ष यंत्रावर बूट करूनच कळते. अशा चाचणीसाठी वेगळी डिस्क, तिच्यावर तिचेच बूट पार्टिशन, आणि डेटाच्या डिस्कला हात न लावणे एवढे पथ्य पुरते.

बाकी चाचणीसाठी, सीपीयू आणि मेमरी पुरेशी असेल तर, सेंटओएस 7 वरच केव्हीएम या लिनक्समधील सोयीने व्हर्च्युअल मशीन (आभासी यंत्र) चालवावे. तिथे सीपीयूचा प्रकार होस्ट-पासथ्रू (सर्व्हरचा खरा सीपीयूच दाखवणारा) ठेवावा; असे मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रामच्या मूळ सीपीयू मॉडेलवर नववी आवृत्ती एक्स86-64-व्ही2 या सीपीयूच्या किमान पातळीचा आधार नसल्याची तक्रार करून बूट होतानाच थांबते. सध्याच्याच जागी प्रणाली बदलायची असेल, तर अल्मालिनक्सचा एलिव्हेट प्रकल्प 7 वरून 8 आणि 8 वरून 9 असे टप्पे देतो. मात्र त्याआधी पूर्ण बॅकअप हवाच. डेटाबेस नेताना फाइली न हलवता पीजी-डंप या साधनाने प्रत काढून नव्या मशीनवर भरावी, म्हणजे इंडेक्स तिथल्याच क्रमाने नव्याने बांधले जातात आणि जुन्या सर्व्हरवरील मूळ डेटा जसाच्या तसा राहतो.