आज सांबारवडी नाही

नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत, जुन्या वाड्याच्या ओसरीवर दोन जावा मिळून नाश्त्याचं दुकान चालवतात. चार टेबलं, एक काचेचं कपाट, मागे भट्टी. माझं माहेर तिथून दहा मिनिटांवर, तरी हे दुकान मला सापडलं ते या जानेवारीत, तेही आईची औषधं आणायला गेले म्हणून. बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : पातोडी रस्सा, मुंगोडे, कोहळ्याचे बोंडं, संत्रा बर्फी. आणि खाली सगळ्यात मोठ्या अक्षरात, 'आज सांबारवडी नाही.' (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी : आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.)

मी आत जाऊन विचारलं, "काहून नाही जी काकू?"

"काल पाणी आला नं. बाजारातून सांबार ओलाच आला. ओल्याची नाही करत आम्ही."

खरं सांगते, मला भरून आलं. आमच्या घरी सांबारवडीच्या आदल्या दिवशी आई सांबार निवडून, धुऊन, बाबांच्या जुन्या धोतरावर पसरायची. रात्रभर पंखा. त्या खोलीत आम्हाला पाय ठेवायची परवानगी नसे. पानांत ओल राहिली की सारणाला पाणी सुटतं, बेसनाची पारी भिजते आणि वडी कढईत फुटते. म्हणून आई मीठसुद्धा अगदी वडी भरायच्या वेळी घालायची. भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, तीळ, चारोळी, लसूण-मिरची हे सगळं आधी तयार असायचं, मीठ मात्र शेवटी.

मी बसले होते तेवढ्यात एक गृहस्थ पाहुण्यांना घेऊन आले आणि फळा पाहून चिडले. लांबून आलो, बाहेरगावची माणसं आहेत, धंदा करता की नाही, वगैरे. धाकट्या जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "पाहुण्यांनाच खराब कशी देऊ जी भाऊ? पातोडी गरम आहे, बसा." ते बसले नाहीत, निघून गेले.

मला त्या गृहस्थांबद्दलच बोलायचं आहे. म्हणजे आपल्या सगळ्यांबद्दल. आपल्याला सगळं बारा महिने पाहिजे आणि मागितल्याबरोबर पाहिजे. मागच्या पावसाळ्यात एका नावाजलेल्या ठिकाणी मी सांबारवडी मागवली होती. मधून मोडली तर आत निम्मी पत्ताकोबी. श्रावणात सांबार महाग असतो, सडका येतो, हे दुकानदाराला कळतं आणि आपल्यालाही कळतं. तरी आपण मागतो, तो देतो, आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरांना वाटतं की सांबारवडी अशीच असते. मला राग येतो तो याचा. चव अशीच जाते, कुणी मुद्दाम घालवत नाही.

संत्रा बर्फीचंही तेच झालं आहे. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपण अभिमानानं सांगतो. पण संत्र्याचे बहार दोन. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे येतात, मृगाची फेब्रुवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. जून-जुलैत झाडावर विकण्याजोगं संत्रं नसतं. तेव्हाही पाहुण्यांसोबत आपण भगव्या रंगाच्या बर्फीचे डबे बांधून देतोच. गर साठवून ठेवता येतो, मान्य. पण पुष्कळ ठिकाणी त्यात गर किती आणि अर्क-रंग किती, हे पहिल्या घासाला जिभेला कळतं.

या काकूंची बर्फी फिकट पिवळसर आहे. नीट पाहिलं तर त्यात गराच्या रेषा दिसतात. थोरल्या जाऊबाई मोठी परात घेऊन फोडी सोलत बसल्या होत्या. आधी साल, मग पांढरे धागे, मग फोडीचा पापुद्रा, मग बिया. मी अर्धा तास पाहत होते, त्यांनी मान वर केली नाही. "एक बी राहिली तर अख्खी कढई कडू," एवढंच म्हणाल्या. गर आधी साखरेत आटवायचा, घट्ट झाला की मग खवा. घाई करून खवा आधी टाकला तर आंबटानं फुटतो. बर्फी महाग आहे, हो. त्या परातीसमोर बसल्यावर मला ती महाग वाटली नाही.

कोहळ्याच्या बोंडांबद्दल एवढंच सांगते की गूळ बेताचा आणि तुपाचा वास पुरेसा होता. भाद्रपदात मात्र तिथे नाश्ता मिळत नाही. महालक्ष्म्यांच्या (गौरींच्या) आधीचा आठवडाभर त्यांची कढई देवीवर टांगायच्या फुलोऱ्याच्या ऑर्डरींत अडकलेली असते : करंज्या, पापड्या, वेण्या, फण्या. माझ्या पिढीतल्या किती जणींना घरी वेणी-फणी वळता येते? मला येत नाही. काकूंनी शिकवायचं कबूल केलं आहे, आणि मी यंदा जाणार आहे.

तुम्ही गेलात आणि फळ्यावर 'आज नाही' दिसलं, तर कृपा करून भांडू नका. जे असेल ते खा आणि पुढच्या आठवड्यात परत जा. गिऱ्हाईक परत येतं हे दिसलं, तरच दुकानदाराला नाही म्हणायची हिंमत टिकते. नाहीतर उद्या त्याही बिचाऱ्या पत्ताकोबी चिरतील.

मी आठ दिवसांनी परत गेले. ऊन कडक होतं. फळ्यावरची ती ओळ पुसलेली होती. दोन प्लेट सांबारवडी आणि स्टीलच्या डब्यात कढी घेऊन थेट आईकडे पोचले. आईचे गुडघे गेल्यापासून ती भट्टीजवळ बसत नाही, चार वर्षं झाली. तिनं वडी मधून मोडली, उजेडाकडे धरून आत पाहिलं, बोटानं थोडं सारण चाखलं. "सुकवून केली आहे," म्हणाली, आणि कढीची वाटी जवळ ओढली.