सिव्हिलायझेशन ७ : जुन्या खेळाडूंनी हा खेळ का स्वीकारावा

११ फेब्रुवारी २०२५ रोजी सिड मायरच्या 'सिव्हिलायझेशन' या संगणकीय खेळांच्या मालिकेतला सातवा खेळ आला आणि तेव्हापासून आम्हा जुन्या खेळाडूंमध्ये सुरू झालेला वाद अजून शमलेला नाही. ओळखीतल्या अनेकांनी थोडा वेळ खेळून तो बाजूला ठेवला आणि ते पुन्हा पाचव्या किंवा सहाव्या आवृत्तीकडे वळले. माझे मत वेगळे आहे आणि ते आधीच सांगून टाकतो: हा खेळ आपण स्वीकारायला हवा. मात्र त्यासाठी त्याच्यावरच्या टीकेतल्या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून घ्याव्या लागतात. खेळ अर्धवट अवस्थेत विकला गेला, ही पहिली तक्रार आणि ती पूर्णपणे रास्त आहे. खेळाचा पायाच बदलला, ही दुसरी तक्रार आणि तिथे मी निर्मात्यांच्या बाजूने उभा आहे. या दोन्ही तक्रारी गेले कित्येक महिने एकाच सुरात मांडल्या जात असल्यामुळे चांगल्या कल्पनेलाही वाईट कारागिरीची शिक्षा भोगावी लागते आहे.

ज्यांनी ही मालिका खेळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी १९९१ साली मायक्रोप्रोज कंपनीत पहिला 'सिव्हिलायझेशन' तयार केला. इ. स. पू. ४००० मध्ये हाताशी वसाहत करणारी माणसे आणि भोवती अंधारलेला नकाशा, एवढ्यावर डाव सुरू होतो. मग शहर वसवायचे, शेती-खाणी उभ्या करायच्या, चाकापासून अणूपर्यंतचे शोध लावायचे, शेजाऱ्यांशी व्यापार किंवा युद्ध करायचे आणि शेवटी जग जिंकून किंवा दूरच्या ताऱ्याकडे यान पाठवून डाव संपवायचा. 'फक्त अजून एक टर्न' म्हणत पहाट कधी झाली हे न कळण्याचा अनुभव या खेळाच्या प्रत्येक भक्ताला आहे.

पण या मालिकेला एक जुना आजार आहे आणि आपण सगळ्यांनी तो प्रेमापोटी वर्षानुवर्षे खपवून घेतला. डावाचा पहिला एक तृतीयांश भाग अप्रतिम असतो, दुसरा चांगला असतो आणि शेवटचा निव्वळ हमाली असतो. सुरुवातीला मिळालेली छोटीशी आघाडी आपोआप वाढत जाते: दोन शहरे जास्त असली की शोध लवकर लागतात, शोध लवकर लागले की सैन्य वरचढ होते, सैन्य वरचढ झाले की आणखी शहरे हाती येतात. सहाव्या आवृत्तीत प्रबोधनकाळ संपेपर्यंत आपण जिंकणार की हरणार हे बहुतेक वेळा स्पष्ट झालेले असते आणि तरीही पुढे शंभरावर टर्न उरलेले असतात. वीस-पंचवीस शहरे, प्रत्येक शहर 'आता काय बांधू' असे विचारत असते, नकाशावर धर्मप्रचारकांची झुंबड असते आणि खेळाडू खालच्या कोपऱ्यातले पुढच्या टर्नचे बटण दाबत बसलेला असतो. खेळ म्हणजे रंजक निर्णयांची मालिका, अशी व्याख्या करणारे स्वतः सिड मायर. त्यांच्याच खेळाच्या उत्तरार्धात रंजक निर्णय शोधून सापडत नसत. बहुतेक खेळाडू डाव शेवटपर्यंत नेतच नाहीत, हे खेळ बनवणाऱ्या फिरॅक्सिस कंपनीच्या लोकांनी स्वतः सांगितले आहे, आणि माझ्या संगणकावर आगगाडीच्या काळापाशी अडकून पडलेले डाव पाहिले की मला त्यात आश्चर्य वाटत नाही.

सातव्या आवृत्तीने या आजारावर उपचार केला आहे, आणि तो वरवरचा नाही. संपूर्ण डाव तीन युगांत विभागला आहे: प्राचीन, शोधयुग आणि आधुनिक. नेता कायम राहतो, पण प्रत्येक युगाच्या उंबरठ्यावर आपली संस्कृती बदलते. मी अशोक निवडून मौर्यांसह खेळलो तो डाव सांगतो, म्हणजे हे नेमके कसे घडते ते लक्षात येईल. प्राचीन युग संपत येते तसे संकट सुरू होते. कधी प्रजा बंड करते, कधी साथ पसरते, कधी सीमेपलीकडच्या टोळ्या तुटून पडतात. त्या काळात राज्याला अपाय करणारी धोरणे स्वीकारावीच लागतात, कोणता अपाय सोसायचा एवढेच आपल्या हाती असते. मग युग पालटते. पाटलीपुत्र राजधानी म्हणून टिकते, पण बाकीची शहरे पुन्हा गावांच्या पातळीवर येतात. त्या युगाची आर्थिक उद्दिष्टे पूर्ण केली असतील तर ती शहरेच राहावीत असा पर्याय मिळतो. सेनापती आणि त्यांच्या हाताखालचे सैन्य पुढे जाते, इतर बरेचसे सैन्य विरून जाते. जुन्या इमारती उभ्या असतात, मात्र त्यांचे तेज ओसरलेले असते आणि त्यांच्या जागी नवे काय बांधायचे याचा विचार करावा लागतो. माझे मौर्य चोळ झाले. आतापर्यंत ओलांडता न येणारा खोल समुद्र खुला झाला, पलीकडे मला ठाऊक नसलेली राज्ये निघाली आणि तिथल्या वसाहतींमधून संपत्तीने भरलेली जहाजे मायदेशी आणण्याची धडपड सुरू झाली. डावाच्या मध्यावर, जिथे पूर्वी माझे बोट यंत्रासारखे बटण दाबत असे, तिथे मी पुन्हा नकाशाकडे टक लावून विचार करत होतो.

मौर्यांनंतर चोळ ही साखळी मला पटली, कारण शोधयुगाला चोळांइतके शोभणारे भारतीय राज्य दुसरे नाही. राजेंद्र चोळाचे आरमार १०२५ च्या सुमारास थेट सुमात्रातल्या श्रीविजय राज्यावर चालून गेले होते, त्यामुळे समुद्र खुला होताना हातात चोळ असणे हे खेळ म्हणूनही योग्य आणि इतिहास म्हणूनही अर्थपूर्ण आहे.

आता आक्षेपाकडे वळतो, कारण तो क्षुल्लक नाही. एकच लोकसमूह हाती घेऊन त्याला दगडी हत्यारांपासून अंतराळापर्यंत नेणे, हे या मालिकेचे मूळ स्वप्न होते आणि युगांनी ते मोडले, असे जुने खेळाडू म्हणतात. खरे आहे. शेजारच्या रोमशी माझे वैर जुळले, त्यांची दोन शहरे मी घेतली, आणि युग पालटताच त्यांचाच नेता ऑगस्टस नॉर्मनांचा राजा होऊन समोर आला. 'रोमन आले' असे म्हणण्यात जी ओळख होती ती 'ऑगस्टस आला' असे म्हणण्यात नाही. पुरेसे घोडे मिळवले म्हणून कोणालाही पुढच्या युगात मंगोल होता येते, हेही मला खटकते. २०२१ च्या 'ह्यूमनकाइंड'मध्ये संस्कृती बदलण्याचा असाच प्रयोग झाला होता आणि तिथेही समोरचा प्रतिस्पर्धी नेमका कोण, ही ओळख पुसट होण्याची अडचण होती. तरीही मला वाटते की इतिहासाचे हे चित्र जुन्या चित्रापेक्षा अधिक खरे आहे. कोणतेही राज्य सहा हजार वर्षे एकाच नावाने, एकाच झेंड्याखाली चाललेले नाही. शहरे टिकतात, रस्ते टिकतात, राजवटी जातात आणि नव्या राजवटी त्यांच्याच ओट्यावर उभ्या राहतात. महाराष्ट्रात सातवाहनांपासून पेशव्यांपर्यंतचे थर पाहणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोललीच पाहिजे. मूळ खेळात आधुनिक युगासाठी भारतातून निवडले आहेत ते मुघल. खेळातले आधुनिक युग साधारणपणे अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुरू होते, आणि त्या काळात मुघल बादशहाची सत्ता किती उरली होती हे इतिहास वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. शाह आलम दुसरा दिल्लीच्या गादीवर परतला तो १७७२ साली, महादजी शिंद्यांच्या पाठबळावर. त्या युगाचे भारतीय प्रतिनिधित्व मराठ्यांकडे असायला हवे होते, असे मी केवळ मराठी आहे म्हणून म्हणत नाही, खेळाच्या स्वतःच्या कालरेषेला तेच धरून झाले असते. पहिल्या खेळापासून सहाव्यापर्यंत भारताचे नेतृत्व करणारे गांधीजी या वेळी मूळ खेळात नाहीत आणि त्यांच्या जागी अशोक आहे, हा बदल मात्र मला आवडला.

नव्या मांडणीतली सर्वांत चांगली गोष्ट सेनापती ही आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. चौथ्या आवृत्तीत एका चौकटीत कितीही सैन्य रचता येई आणि युद्ध म्हणजे दोन ढिगाऱ्यांची टक्कर होई. २०१० च्या पाचव्या आवृत्तीने षट्कोनी घरे आणली, एका घरात एकच लढाऊ तुकडी ठेवण्याचा नियम केला, डावपेचांना जीव आला, पण सैन्य हलवणे हे एक वैतागाचे काम होऊन बसले आणि संगणकाला तर ते कधीच नीट जमले नाही. आता सेनापती आसपासच्या तुकड्या आपल्यात सामावून घेतो, एकाच चालीत त्यांना आघाडीवर नेतो आणि तिथे त्या मोकळ्या करतो. प्रवास सोपा झाला आणि लढाईतला विचार शाबूत राहिला. अनुभव तुकड्यांऐवजी सेनापतीला मिळतो, त्यामुळे तो पुढच्या युगातही उपयोगी पडतो. पाचव्या आवृत्तीपासून चालत आलेली गाठ इथे सुटली आहे, आणि ती सोडवणाऱ्यांना शाबासकी द्यायलाच हवी.

'प्रत्येक आवृत्ती सुरुवातीला शिव्या खाते आणि नंतर लाडकी होते' असा युक्तिवाद काही जण करतात, तो मला पुरेसा वाटत नाही. पाचवीतून धर्म आणि हेरगिरी गायब झाली होती, ती २०१२ च्या विस्तारात परत आली. २०१६ च्या सहावीची चित्रशैली बालिश ठरवली गेली होती आणि पुढे कोणी त्याबद्दल बोललेही नाही. हा इतिहास खरा आहे, पण त्यातून खेळाडूने पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजावी आणि खेळ पुरा होण्याची दोन वर्षे वाट पाहावी, असा नियम तयार होत नाही. अमेरिकेत मूळ खेळाची किंमत ७० डॉलरच्या घरात होती. त्या पैशांत मिळालेल्या पडद्यावर साधी माहिती शोधताना डोळे दुखत होते, मोठे नकाशे नव्हते, आणि ज्या वाक्याने ही मालिका ओळखली जाते तो 'अजून एक टर्न'चा पर्यायही डाव संपल्यावर उपलब्ध नव्हता. ग्रेट ब्रिटन मूळ खेळात नव्हते, ते वेगळे पैसे भरून घ्यावे लागणाऱ्या पहिल्या संचात होते. संगणक आणि कन्सोल अशा सगळ्या यंत्रांवर एकाच दिवशी खेळ आणण्याच्या घाईत संगणकावरच्या खेळाडूंकडे दुर्लक्ष झाले, असा माझा दाट संशय आहे. याचा राग येणे योग्यच आहे, आणि तो राग प्रकाशकापर्यंत पोचला हेही चांगले झाले.

कारण त्यानंतर सुधारणा झाल्या. 'अजून एक टर्न' एप्रिलमध्ये आला, मोठे नकाशे जूनमध्ये आले, युग पालटताना सैन्य जागच्या जागी ठेवण्याचा पर्याय पुढे मिळाला, आणि एकच संस्कृती शेवटपर्यंत खेळता यावी यासाठी काम हाती घेतल्याचेही निर्मात्यांनी जाहीर केले. या शेवटच्या घोषणेचे मी स्वागत करतो, पण माझ्या मनात एक भीती आहे. पर्याय म्हणून ती वाट असावी, ज्यांना अशोकाबरोबर मौर्यच हवे आहेत त्यांनी ते न्यावेत. मात्र आपल्या नाराजीला घाबरून निर्मात्यांनी युगांचीच धार बोथट केली, संकटे सौम्य केली, सगळे मागच्यासारखे सलग करून टाकले, तर डावाच्या उत्तरार्धाचा तो जुना आजार परत येईल आणि तो आपणच मागून घेतलेला असेल.

म्हणून जुन्या सोबत्यांना माझे सांगणे असे आहे. सहावी आवृत्ती आवडत असेल तर ती खेळत राहा, तिला कोणी हिरावून घेतलेले नाही. पण सातवीवर मत बनवण्याआधी एक डाव तिन्ही युगांतून पूर्ण न्या, कारण पहिल्या युगाच्या शेवटी जे सोडून देतात त्यांनी या खेळातले सर्वांत नवे असे काही पाहिलेलेच नसते. पहिला डाव अशोक आणि मौर्यांसह खेळा, पुढे चोळ घ्या, आणि पहिले संकट येण्याआधी निदान दोन सेनापती तयार ठेवा. महागड्या आवृत्त्यांच्या वाटेला जाऊ नका. मूळ खेळ सवलतीत मिळेल तेव्हा घ्या, आणि वेगळे संच एकेक करून, गरज वाटली तरच.