एस्कमच्या चर्चचे वय : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील एस्कमच्या चर्चवरील माझ्या लेखावर आपले आक्षेप असे आहेत : बांधकामाची लेखी नोंद नसताना त्याला सातव्या शतकातले म्हणणे हा निव्वळ तर्क आहे, दगड रोमनांचे, म्हणजे सगळा 'चोरीचा माल', आणि वास्तू एवढी मोलाची होती, तर गावानेच ती का सोडली?

लेखी नोंद नाही, हे खरेच. पण शेजारच्या वास्तूंची आहे. मंकवेअरमथचा मठ ६७४ च्या सुमारास उभारताना त्याचा संस्थापक बेनेडिक्ट बिस्कप याने गॉलमधून (आजच्या फ्रान्समधून) गवंडी आणवले, असे आठव्या शतकातला इतिहासकार भिक्षू बीड सांगतो, आणि जॅरोच्या चर्चमधला ६८५ सालचा समर्पणलेख आजही वाचता येतो. एस्कमची ठेवण त्याच घराण्यातली आहे : रुंदीच्या जवळजवळ तिप्पट लांबीचे उंच सभागृह, पुढे वेदीचे लहानसे चौकोनी दालन आणि भिंतीत वरच्या बाजूला बसवलेल्या, आत रुंदावत जाणाऱ्या चिंचोळ्या खिडक्या. मोठ्या खिडक्या पुष्कळ नंतरच्या असल्यामुळे या हिशेबात धरू नयेत.

दगड बहुधा जवळच्या बिनचेस्टरच्या ओसाड रोमन किल्ल्यातले आहेत. रोमन सत्ता ब्रिटनमधून जाऊन अडीचशे वर्षे उलटली होती, तेव्हा चोरी नेमकी कोणाची झाली, हे आपणच सांगावे! उत्तरेच्या भिंतीत सहाव्या लीजनचे, म्हणजे रोमन सैन्याच्या एका दलाचे, नाव कोरलेला दगड चक्क उलटा बसवलेला आहे. गवंड्याला अक्षरांशी नव्हे, दगडाच्या आकाराशी कर्तव्य होते. वेदीपुढची कमान तर किल्ल्यातून सुटी करून आणून पुन्हा रचली असावी, असे अभ्यासक मानतात, आणि येथे आपल्या म्हणण्यात नक्कीच जोर आहे. परंतु तिच्या दोन्ही बाजूंना एक उंच दगड उभा, त्यावर एक आडवा, अशी जी आलटूनपालटून रचना दिसते, ती सॅक्सन, म्हणजे रोमनांनंतर येथे वसलेल्या लोकांच्या, गवंड्यांची ओळख आहे. दक्षिण भिंतीवरचे सापाची आकृती असलेले सूर्यघड्याळही त्यांचेच.

गावाने चर्च सोडले, कारण ते अपुरे पडू लागले होते. १८६३ मध्ये मोठे चर्च बांधल्यावर जुने मोडकळीस आले. १८७५ ते १८८० या काळात त्याची डागडुजी झाली. पुढे १९७१ मध्ये पाडले गेले ते नवे चर्च. उपासना आज जुन्यातच होते.