स्वित्झर्लंडच्या बॉर्डरवरचा तो फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी हे वाचा

युरोप टूरची बुकिंगं सुरू झाली की हा मेसेज दरवर्षी फॅमिली ग्रुपवर परत येतो. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. "स्वित्झर्लंडला चार शेजारी, चारही बाजूंनी आल्प्सची भिंत. समुद्र नाही, बंदर नाही. सैन्य ठेवत नाहीत, गरजच नाही. शेजारी इतके समजूतदार की दोनशे वर्षांत तिथे एक बॉम्ब पडला नाही आणि 1815 पासून सीमेची रेघ एक इंच हलली नाही. युरोपियन युनियनमध्ये असल्यामुळे बॉर्डरवर कोणी विचारत नाही, आणि लोकांमध्ये सीमेवरून वाद नाहीत." खाली हात जोडलेले इमोजी.

मला याचा राग येतो कारण त्या देशाने सीमा सांभाळायला जे कष्ट घेतलेत, जे करार केलेत, जी भांडणं केलीत ती सगळी या मेसेजमध्ये पुसून टाकलीयेत, आणि उरतं काय तर नशीब चांगलं आणि शेजारी चांगले. तसं नाहीये ते.

पहिलं म्हणजे शेजारी चार नाहीत, पाच आहेत. जर्मनी, फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया आणि लिक्टेनस्टाइन. हा पाचवा फक्त 160 चौरस किलोमीटरचा आहे म्हणून लोक विसरतात, पण आपल्या कितीतरी टूर्सच्या बस त्याच्या राजधानीत, वाडुझला थांबतात, लोक तिथे पैसे देऊन पासपोर्टवर शिक्का मारून घेतात आणि घरी आल्यावर हाच फॉरवर्ड पाठवतात. या दोघांमध्ये 41 किलोमीटरची सीमा आहे, तिथे कस्टमची चौकी नाही, कारण 1923 मध्ये दोघांनी कस्टम युनियनचा करार केला आणि लिक्टेनस्टाइन आजही स्विस फ्रँकच वापरतो. म्हणजे तिथे खरंच कोणी अडवत नाही, पण ते करारामुळे.

आता आल्प्सची भिंत. दक्षिणेला इटलीकडे आणि पूर्वेला बऱ्याच भागात डोंगर आहेत, मान्य. पण नकाशा उघडून उत्तरेकडे बघा ना, तिथे ऱ्हाईन नदी आहे आणि कॉन्स्टन्सचा तलाव आहे, आणि शाफहाउझेन हा कँटन (म्हणजे तिथलं राज्य) तर जवळजवळ सगळाच्या सगळा ऱ्हाईनच्या पलीकडे, जर्मनीच्या बाजूला आहे. आपण ज्याला ऱ्हाईन फॉल्स म्हणून फोटो काढतो तो धबधबा त्याच नावाच्या शहराला लागून आहे, तिथून जर्मनीपर्यंत शेतं, गावं आणि टेकड्याच लागतात. पश्चिमेला ज्युराच्या रांगा आहेत, त्या आल्प्सपेक्षा खूप ठेंगण्या. आणि जिनिव्हा बघितलं तर भिंत वगैरे कल्पनाच मोडते, त्या कँटनची फ्रान्सशी शंभरेक किलोमीटर सीमा आहे आणि स्वतःच्या देशाशी जेमतेम साडेचार. तिथली 17 नंबरची ट्राम 2019 पासून फ्रान्समधल्या आनमासला जाते. बासेलची 8 नंबरची ट्राम जर्मनीत जाते, 3 नंबरची फ्रान्समध्ये, आणि बासेलचा एअरपोर्ट तर पूर्णपणे फ्रान्सच्या जमिनीवर आहे, दोन देशांनी 1949 च्या करारानुसार मिळून चालवलेला.

आणि डोंगर होते तिथेही डोंगरांनी कोणाला थांबवलं? 1798 मध्ये फ्रेंच सैन्य पश्चिमेकडून आत आलं आणि जुनं स्विस संघराज्यच संपलं. पुढच्या वर्षी रशियाचा सुवोरोव फौज घेऊन गोटहार्ड घाट चढून आला, आणि 1800 मध्ये नेपोलियन ग्रेट सेंट बर्नार्ड घाटातून इटलीत उतरला. तीन वर्षांत तीन परक्या फौजा.

बंदर नाही म्हणता, तर बासेलला ऱ्हाईनवर चांगलं मोठं बंदर आहे, कंटेनर आणि तेल घेऊन बार्ज रॉटरडॅमहून तिथपर्यंत येतात आणि देशाच्या आयातीतला जवळपास दहावा हिस्सा याच वाटेने येतो. ऱ्हाईनवर सगळ्यांना मोकळेपणाने जहाजं चालवता यावीत हा 1868 चा मानहाइमचा करार आजही चालू आहे. समुद्रावर स्विस झेंड्याची जहाजं 1941 पासून आहेत, ऐन महायुद्धात धान्य आणायचे वांधे झाले तेव्हा सुरू केलेली. जगातली सगळ्यात मोठी कंटेनर शिपिंग कंपनी एमएससी, तिचं हेडक्वार्टरही जिनिव्हाला आहे.

सैन्य नाही हा मुद्दा तर पूर्ण उलटा आहे. स्विस पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे, आणि ही सक्ती काढावी का यावर 2013 मध्ये मतदान झालं तेव्हा 73 टक्के लोकांनी "नको काढू" म्हणून सांगितलं. नागरिकांसाठी अणुहल्ल्यापासून वाचायचे शेल्टर आहेत, सगळ्या लोकसंख्येला पुरतील इतके. शीतयुद्धात सीमेवरच्या पुलांमध्ये आणि बोगद्यांमध्ये स्फोटकं पेरून ठेवलेली होती, शत्रू आलाच तर उडवून द्यायला. ऱ्हाईनवर श्टाईन आणि जर्मनीतलं झेकिंगेन यांना जोडणारा पूल आहे, त्यातली स्फोटकं 2014 मध्ये काढली. 2014! लोक रोज त्यावरून गाड्या नेत होते. समजूतदार शेजाऱ्याच्या भरवशावर बसलेला देश असं करत नाही.

बॉम्ब पडला नाही, या वाक्याने मला सगळ्यात जास्त त्रास होतो. 1 एप्रिल 1944 ला अमेरिकन विमानांनी याच शाफहाउझेनवर बॉम्ब टाकले, जर्मनी समजून, 40 माणसं मेली. का चुकले, तर हा कँटन ऱ्हाईनच्या उत्तरेला आहे. 4 मार्च 1945 ला बासेल आणि झुरिकवर पण पडले. आणि शेजाऱ्यांचं म्हणाल तर हिटलरने स्वित्झर्लंडवर स्वारीची योजना तयार करून घेतली होती, नोव्हेंबर 1942 नंतर तर या देशाच्या चारही बाजूंना जर्मनी, इटली नाहीतर त्यांनी व्यापलेला मुलूख होता. स्विस सैन्याचा प्रमुख जनरल गिझाँने 1940 मध्येच ठरवलं होतं की सैन्य आल्प्सच्या आत नेऊन तिथून लढायचं, म्हणजे बहुतेक शहरं आणि सपाट भाग, जिथे बहुसंख्य लोक राहतात, तो गेला तर गेला असं गृहीत धरून. इतका जीवघेणा हिशोब.

त्याच सीमेवर एक काळी बाजूही आहे. ज्यू निर्वासितांना तिथून हजारोंनी परत पाठवलं गेलं. पण सेंट गॅलनचा पोलीस अधिकारी पाउल ग्रुनिंगर याने 1938-39 मध्ये ऑस्ट्रियाकडून येणाऱ्या लोकांच्या कागदांवर मागच्या तारखा टाकून शेकडो जणांना आत घेतलं. त्याची नोकरी गेली, शिक्षा झाली, 1972 मध्ये तो गरिबीत वारला आणि कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं ते 1995 मध्ये. सीमेबद्दल मेसेज फिरवायचाच असेल तर या माणसाचा फिरवा.

रेघ हलली नाही? हललीये, अनेकदा. 1862 मध्ये फ्रान्सबरोबर दाप्प खोऱ्यात जमिनीची अदलाबदल ठरली, आणि करार लागू व्हायच्या आधी एका हुशार माणसाने बरोबर नव्या रेषेवर इमारत उभी केली, ती आज हॉटेल आहे आणि सीमा तिच्यातून जाते. 1919 मध्ये ऑस्ट्रियाच्या फोरार्लबर्गमधल्या 80 टक्के लोकांनी स्वित्झर्लंडशी जोडून घ्या म्हणून मत दिलं, पण ते झालं नाही. 1967 मध्ये फेरेनाहोफ नावाचा जर्मन तुकडा जमिनीच्या बदल्यात स्वित्झर्लंडमध्ये आला. कॉन्स्टन्स तलावाच्या मोठ्या भागात तर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तिन्ही देशांनी मिळून मान्य केलेली रेषा आजही नाही. आणि मॅटरहॉर्नजवळ इटलीशी असलेली सीमा पाणी कुठल्या बाजूला वाहतं त्यावर ठरलेली आहे, तिथला तिओडुल ग्लेशियर वितळत चाललाय म्हणून रेषाच सरकली, एका डोंगरी विश्रामगृहाच्या खालून. दोन्ही देशांनी वर्षानुवर्षं चर्चा केली, 2023 मध्ये मसुदा ठरला आणि 2024 मध्ये स्विस सरकारने मंजुरी दिली. हवामान बदल नकाशे बदलतोय याचं इतकं सरळ उदाहरण दुसरं नसेल, आणि आपण म्हणतोय एक इंच हलली नाही.

आता युरोपियन युनियन. स्वित्झर्लंड त्यात नाही, कधीच नव्हता. 1992 मध्ये नुसत्या युरोपियन इकॉनॉमिक एरियात जायचं का यावर मतदान झालं, 50.3 टक्के लोक नाही म्हणाले. गंमत म्हणजे चिमुकला लिक्टेनस्टाइन 1995 मध्ये त्यात गेला. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, मात्र स्वित्झर्लंड डिसेंबर 2008 पासून आहे, म्हणून आपल्याला वेगळा व्हिसा लागत नाही आणि लोकांना वाटतं सगळं एकच. शेंगेन माणसांसाठी आहे, सामानासाठी नाही, कस्टम तिथे आहेच. जर्मनीतून येताना माणशी एक किलोच्या वर मांस आणलं तर ड्यूटी भरा, खरेदी माणशी 150 फ्रँकच्या वर गेली तर व्हॅट भरा, आधी ही मर्यादा 300 होती, जानेवारी 2025 पासून निम्मी केली. आणि आपल्याकडून थेट जाताना बॅगेत तूप, पेढे नेऊ नका, युरोपबाहेरून येणारे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे चालत नाहीत. "बॉर्डरवर कोणी विचारत नाही" यावर विसंबून कोणाचा तरी डबा जप्त होईल.

ब्युसिंगेन आणि कॅम्पियोने ही दोन गावं बघितली की हे नीट कळतं. ब्युसिंगेन जर्मन आहे पण चारही बाजूंनी स्वित्झर्लंड, 1919 च्या सुमारास तिथल्या 96 टक्के लोकांनी स्विस व्हायचं म्हटलं होतं, बदल्यात द्यायला जमीन नव्हती म्हणून राहिलं, शेवटी 1967 पासून कस्टमपुरतं ते स्वित्झर्लंडमध्ये धरतात. कॅम्पियोने इटलीचं, लुगानो तलावाकाठी, तेही असंच वेढलेलं, पण ते 2020 मध्ये उलट युनियनच्या कस्टम हद्दीत घेतलं गेलं. कोव्हिडमध्ये 2020 च्या मार्चनंतर क्रॉइत्सलिंगेन आणि कॉन्स्टन्स या चिकटलेल्या शहरांमध्ये कुंपण घातलं, मग दुसरं कुंपण घातलं, लोक दोन मीटर अंतरावरून आपल्या जोडीदाराशी बोलत होते, मेच्या मध्यावर कुंपण निघालं आणि जूनच्या मध्यावर सीमा पूर्ण उघडली. आणि ऑक्टोबर 2023 पासून जर्मनीने स्विस सीमेवर परत पासपोर्ट तपासायला सुरुवात केली.

राहिला वाद नसल्याचा मुद्दा. जवळपास चार लाख माणसं सीमेपलीकडे राहून स्वित्झर्लंडमध्ये नोकरीला येतात, निम्म्याहून जास्त फ्रान्समधून. जिनिव्हाची हॉस्पिटलं त्यांच्या जोरावर चालतात, आणि इटलीला लागून असलेल्या टिचिनो कँटनमध्ये लोकांना वाटतं इटलीहून येणाऱ्यांमुळे आमचे पगार वाढत नाहीत. फेब्रुवारी 2014 मध्ये परदेशी लोकांच्या येण्यावर मर्यादा घालायची का यावर मतदान झालं आणि 50.3 टक्के हो म्हणाले. टिचिनोत 68 टक्के हो, जिनिव्हात जवळजवळ 61 टक्के नाही. सप्टेंबर 2020 मध्ये युनियनशी मुक्त संचाराचा करारच मोडायचा प्रस्ताव आला, तो देशाने जवळपास 62 टक्क्यांनी फेटाळला, पण टिचिनो त्याही वेळी हो म्हणाला.