उच्चार सांगतो तो गाव, शिक्षण नव्हे

फोनवरून मालाचा क्रमांक सांगताना पलीकडच्या माणसाने 'सिक्स'चा जवळजवळ 'सक्स' केला की तो न्यूझीलंडचा आणि 'सीक्स'कडे झुकवला की ऑस्ट्रेलियाचा, हे आमच्या क्राइस्टचर्चच्या कार्यालयात कुणाला शिकवावे लागत नाही. 'बिअर' आणि 'बेअर' हे शब्द इथले बरेच लोक एकसारखेच उच्चारतात, आणि त्यांचा 'पेन' नवख्याला 'पिन' ऐकू येतो. न्यूझीलंडचे बहुतेक लोक शब्दाच्या शेवटचा 'र' गिळतात. मात्र दक्षिणेकडे इन्व्हरकार्गिल, गोर या भागात स्कॉटलंडहून आलेल्यांची मोठी वस्ती झाल्यामुळे तिथल्या अनेकांच्या बोलण्यात तो आजही खणखणीत ऐकू येतो.

आज या उच्चारांचा लोकांना अभिमान असला, तरी १९००च्या सुमारास इथले शाळा तपासनीस त्यांवर कडाडून टीका करीत होते, आणि पुढे कित्येक दशके रेडिओवरच्या बातम्या इंग्लंडच्या प्रतिष्ठितांच्या धाटणीतच वाचल्या गेल्या. नभोवाणीच्या फिरत्या पथकाने १९४६ ते १९४८ या काळात गावोगावच्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. कँटरबरी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पुढे त्याच ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले, की इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधून आलेल्यांची मुले एकत्र वाढली आणि त्यांच्या बोलण्यातून हे वळण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच घडत गेले. तपासनीसांना जो आळस वाटला, तो मुळात आळस नव्हताच. जसिंडा आर्डर्न २०१७ ते २०२३ या काळात पंतप्रधान होत्या, आणि त्या जगभर याच उच्चारांत बोलल्या.

म्हणूनच महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या उमेदवाराच्या इंग्रजी उच्चारांवरून त्याची लायकी ठरवली जाते, किंवा 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसतात, असे वाचले की मला मनापासून राग येतो. उच्चारावरून माणूस कुठे वाढला हे कळते. तो किती शिकला, हे कळत नाही. आपण मराठी माणसे इंग्रजी बोलताना 'ट' आणि 'ड' मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून, उच्चारतो, 'थिंक'मध्ये मराठीतला 'थ' आणतो, पण उत्तरेतल्या काही जणांसारखे 'इस्कूल' म्हणत नाही. हीदेखील ओळखच आहे आणि तिच्यात लाजण्यासारखे काही नाही.

इथे सगळे आलबेल आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. स्कॉटिश 'र' ज्यांना गोड वाटतो, त्यांतल्याच काहींना आपला 'ट' खटकतो, आणि नवागताला नोकरीच्या मुलाखतीत त्याची किंमत मोजावी लागते. समोरच्याला आपले बोलणे कळले पाहिजे, ही अपेक्षा मात्र रास्त आहे. माझ्या अनुभवात अडचण 'ट'मुळे फारशी येत नाही. ती शब्दातल्या आघातामुळे येते. 'डेव्हलप' किंवा 'हॉटेल' म्हणताना आपण पहिल्या अक्षरावर जोर देतो, इथे तो दुसऱ्यावर असतो, आणि ऐकणारा गोंधळतो. पुण्या-मुंबईच्या संभाषण वर्गांतून अमेरिकी 'र' घोटवून घेण्यापेक्षा हा आघात शिकवला, तर त्या मुलांनी भरलेली फी सत्कारणी लागेल.