रक्तचाचणी बायोप्सीची जागा घेत नाही

किडनी प्रत्यारोपण झालेल्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे: 'क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर निर्धास्त राहा, शंका आलीच तर डीएनएची नवी रक्तचाचणी रिजेक्शन नक्की सांगते, बायोप्सी टाळा, आणि रक्त द्यायला जाताना सकाळची गोळी घेऊनच जा.' यातली सगळी विधाने चुकीची आहेत. (रिजेक्शन म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने नवी किडनी परकी मानून तिच्यावर केलेला हल्ला; बायोप्सी म्हणजे किडनीचा बारीकसा तुकडा काढून केलेली तपासणी.)

किडनीला इजा होऊ लागली तरी तिचा शाबूत भाग काम ओढून नेतो, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, रक्तात उशिरा वाढते. 0.9 वरून 1.3 वर गेलेला आकडा अहवालात 'नॉर्मल' छापून येऊ शकतो. डॉक्टरांना मात्र ती वाढच खटकते.

डीएनए चाचणी उपयोगी आहे, हे मी मनापासून मानतो. दात्याच्या किडनीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रुग्णाच्या रक्तात उतरतात, त्यांचे प्रमाण ती मोजते. पण 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात 1 टक्का ही मर्यादा धरली असता, तिच्यापुढे गेलेल्यांपैकी 61 टक्के रुग्णांतच बायोप्सीत सक्रिय रिजेक्शन आढळले, आणि मर्यादेच्या आत असलेल्यांपैकीही 16 टक्क्यांना ते होतेच. शिवाय पेशी कशामुळे मेल्या, हे त्या आकड्यातून कळत नाही. प्रतिकारशक्ती दबलेली असताना बीके विषाणू डोके वर काढतो आणि तोही किडनीच्या पेशी मारतो. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवावी लागतात, बीके असेल तर तीच कमी करावी लागतात. उपचार असे परस्परविरुद्ध असताना केवळ आकडा पाहून दिशा ठरवली, तर बहिणीने किंवा आईने दिलेली किडनी हातची जाऊ शकते. बीकेसाठी रक्ताची वेगळी पीसीआर तपासणी असते, तरीही किडनीच्या ऊतीत नेमके काय चालले आहे ते बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावरच दिसते.

राहिली गोळी. टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या, दिवसातून दोनदा घ्यायच्या औषधाची रक्तातली पातळी आदल्या डोसनंतर साधारण 12 तासांनी, पुढचा डोस घेण्यापूर्वी मोजतात. गोळी घेऊन रक्त दिले तर पातळी खोटी चढलेली दिसते, त्यावरून डोस कमी केला जातो आणि रिजेक्शनला वाट मिळते. माझा भाऊ तपासणीच्या दिवशी गोळी खिशात ठेवून जातो, आणि दंडावर कापूस दाबलेला असतानाच ती पाण्याबरोबर घेतो.